पहिल्या नावाचा नियम

४ मार्च, मंगळवार

तर तुझ्या त्या डब्यानं माझी पत्रं गिळली, आणि वर मलाच सांगत राहिला की पोचली. एखाददुसरं नाही, वर्षभराची. मी कामावरून यायची, चहा टाकायची, फोन तोंडापुढे धरून तू शिकवलंस तसं बोलायची. अक्षरं आपोआप उमटायची. बाण दाबला की ‘पाठवलं’ असं यायचं आणि मी निवांत. म्हटलं, वाचेल. गप्प आहे तर राहू दे, रुसवा निघाला की लिहील. आता कळतंय की मी भिंतीशी बोलत होते. भिंत परवडली, ती निदान पोचलं म्हणून खोटं सांगत नाही.

वर मायना नाही म्हणून नाक मुरडू नकोस. काय घालू? सूनबाई म्हणायची सोय कोर्टानं ठेवली नाही. नावानं मी तुला कधी हाक मारली नाही. आणि मॅडम लिहायला मी काही तुझ्या कचेरीतली शिपाई नाही. तेव्हा मायन्याशिवायच वाच.

काल आमचा दिवटा आला होता. मी त्याला पोटातून काढलं आणि तू त्याच्याशी आठ वर्षं संसार केलास, त्यामुळे दिवटा कोण ते सांगायला नको. वर्षभरानं उगवला. सरळ वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात येऊन मळक्या चादरींच्या गाठोड्यावर बसला. म्हटलं ऊठ, त्यात म्हाताऱ्यांनी काय काय केलंय तुला माहीत नाही. उठला. मग इकडचं तिकडचं झालं आणि मी विचारलं, की बाबा, माझ्या एकाही मेलला उत्तर द्यावंसं वाटलं नाही तुला? तर म्हणतो, मी त्या बघितल्याच नाहीत. तुम्ही दोघं वेगळे झालात तेव्हा मी त्याला मेलवर जे सुनावलं होतं, त्यानंतर त्यानं नियम घातला होता म्हणे. आईकडून जे येईल ते परस्पर कचऱ्यात. चहाचा घोट घेत सांगितलं. पेपरवाला बंद केला असं सांगावं तसं.

ते मी गिळलं. पोटच्या पोरानं टाकलं तर आई कुठे दाद मागणार. पण मी म्हटलं, तुझं कचऱ्यात गेलं, ठीक, तिचं कुठे गेलं? तिलाही तेच पत्र होतं. खांदे उडवून म्हणाला, तिचं मला काय माहीत.

तो गेल्यावर मी तारवाल्याला गाठलं. हा इथला संगणक बघणारा माणूस, कायम गळ्यात कसल्या ना कसल्या तारा. त्यानं माझा फोन पाहिला, तुमच्या घरच्या डब्याबद्दल विचारलं. मी सांगितलं, कपाटावर एक दिवे लुकलुकणारा डबा होता, घरातल्यांच्या मेल त्यातून यायच्या, आणि त्यातलं सॉफ्टवेअर आमच्या सुनेची कंपनीच बनवते. मग त्यानं त्या सॉफ्टवेअरची माहिती बसून वाचली आणि मला सांगितलं. एका पत्रावर दोन नावं असली तर तुमचं सॉफ्टवेअर दोघांना वेगवेगळं विचारत नाही. पहिलं नाव ज्याचं, त्याचा नियम सगळ्या पत्राला. पहिल्यानं कचरा म्हटलं की दुसऱ्याचंही कचरा. आणि पाठवणाऱ्याला सांगायचं की मिळालं, आभारी आहे.

माझ्या फोनमध्ये तू ‘मुलं’ म्हणून एक बटण करून दिलं होतंस. ते दाबलं की दोघांना जायचं. आधी त्याचं नाव, मागे तुझं. त्याचं आधी घाल असं तुम्हीच म्हणालात, असं तू म्हणशील. म्हटलं असेल. सगळेच म्हणतात.

सुक्याबरोबर ओलंही जळतं हे मला माहीत होतं. पण ते जाळायचं यंत्र तुम्ही पगार घेऊन बनवता, हे माहीत नव्हतं.

गेल्या थंडीत मी ओल्या फरशीवर घसरले. मांडीचं हाड. दवाखान्यात पडून फोनवर बोलून तुम्हाला पत्र केलं. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, कुणाशी बोलता? म्हटलं, सुनेशी. ती येईल म्हणून खुर्चीवरची पिशवी काढून खाली ठेवली होती. असो. हाड सांधलं.

तो डबा त्यानं गेल्या महिन्यात जुनं घर सोडताना बंद केला. तुझा जुना नंबर लागत नाही. म्हणून हे कागदावर, तुझ्या कंपनीच्या पत्त्यावर. पाकिटावर ‘खाजगी’ लिहिलंय. तिथे तरी पहिल्या नावाचा नियम नसेल अशी आशा.

९ मार्च, रविवार

उत्तर नाही. टपालाला वेळ लागतो हे मलाही कळतं, पण मी काही उत्तरासाठी लिहीत नाही. काय केलं ते तुला कळवते, उगाच पाठीमागून केलं असं व्हायला नको.

तारवाला म्हणाला, काकू, या सॉफ्टवेअरची एक जागा आहे, तिथे कुणीही जाऊन सांगू शकतं की अमुक सोय नाही, ती करा. बनवणारे वाचतात. म्हटलं, मग लिही. म्हणाला, काय लिहू? मी बोलले आणि तो इंग्रजीत लिहीत गेला. मी म्हणाले ते असं. एका पत्रावर दोन नावं असतील तर दोघांना वेगवेगळं विचारा. एकानं नको म्हटलं तर त्याच्यापुरतं नको. दुसऱ्याचं त्याला देऊन टाका. आणि कुणी घेतलं, कुणी नाकारलं, ते पाठवणाऱ्याला तिथल्या तिथे एकेकाचं सांगा. नाकारलेलं पत्र पोचलं म्हणून सांगणं हा खोटेपणा आहे, आणि खोटं बोलायला यंत्राची गरज नाही, त्याला माणसं पुरेशी आहेत.

शेवटचं वाक्य त्यानं घातलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, तिथे असं लिहीत नाहीत. मग म्हणाला, तुमची गरज काय तेही लिहावं लागतं, कोण वापरणार, कशासाठी. मी म्हटलं, लिही, सासू आहे. तो हसायला लागला. मी हसले नाही तेव्हा थांबला आणि काहीतरी लिहिलं. वाचून दाखवलं त्याचा अर्थ असा, की एक वापरकर्ती कुटुंबातल्या दोन व्यक्तींना एकत्र पत्र पाठवते आणि त्या दोन व्यक्तींचे नियम आता वेगळे आहेत. आता वेगळे आहेत. बरं लिहिलं होतं. मला इतकं नीट सांगता आलं नसतं.

मी त्याला आमच्याकडचं समजावत होते. प्रत्येक म्हाताऱ्याच्या कपड्याला वेगळ्या रंगाचा दोरा शिवलेला असतो. गाठोडं एक आलं तरी दोरा बघून वेगळं करायचं, ह्याला गरम पाणी, त्याला गार, हिला नीळ चालत नाही. एका गाठोड्यात आले म्हणून सगळे एकाच पाण्यात उकळायचे नाहीत. तो म्हणाला, काकू, तुमच्याकडे दिवसाला दोनशे कपडे, यांच्याकडे सेकंदाला हजार पत्रं. माझं तोंड बंद केलं त्यानं. खरंच असेल. मला यंत्रातलं काय कळतं.

आज रविवार. तू यायचीस त्या रविवारांसारखं ऊन होतं मागच्या अंगणात. मोठ्या चादरी घडी घालायला दोघं लागतात हे तुला माहीत आहे. समोरासमोर उभं राहून टोकं धरायची, एकदा ताणायचं, झटकायचं, आणि चालत येऊन टोकं एकमेकींच्या हातात द्यायची. तू कंपनीतल्या गप्पा सांगायचीस, मला ओ की ठो कळायचं नाही, मी हूं हूं करायची. आता मी भिंतीत एक आकडा ठोकून घेतलाय. एक बाजू आकड्याला अडकवते, दुसरी मी धरते. घडी बरी पडते. आकडा ताणत नाही एवढंच.

इस्त्रीवाली म्हणते, मला सांगा की, मी धरते. तिची नखं लांब आहेत, चादरीचे धागे निघतात.

१४ मार्च, शुक्रवार

त्या जागेवर उत्तरं आली. तीन. तारवाल्यानं वाचून दाखवली.

पहिला म्हणतो, मेलचा नियम फार जुना आहे, एका पत्राला एकच उत्तर द्यायचं असं ठरलेलं आहे. वेगवेगळं उत्तर द्यायचं तर पाठवणाऱ्याच्या यंत्रालाही ती भाषा यायला हवी, दोन्ही बाजूंनी ठरवून घ्यावं लागेल. म्हणजे नाही असं नाही, पण बघू. आमच्या व्यवस्थापकांसारखं बोलतो.

दुसरा शहाणा म्हणतो, एवढी अडचण असेल तर बाईंनी दोन पत्रं पाठवावीत, एकेकाला एकेक. मला भारी राग आला. दोन वेगळी पत्रं लिहायची अक्कल मला नाही असं वाटतं काय त्याला? तुम्ही वेगळे झालात त्या आठवड्यात तारवाल्यानंच मला विचारलं होतं, काकू, ते बटण आता फोडून देऊ का, दोन करून? मी नको म्हटलं. का ते विचारू नकोस. वेगळं लिहायचं म्हणजे त्याला काय लिहायचं आणि तुला काय, ते आधी ठरवावं लागतं. त्याच्याबद्दल तुला, तुझ्याबद्दल त्याला. तशी सासू मला व्हायचं नव्हतं. एकच पत्र, दोघांच्या समोर, जे असेल ते. आता तो शहाणा म्हणेल मग भोगा. भोगतेच आहे.

तिसरं उत्तर दोन ओळींचं. नाव नाही, नुसतं टोपणनाव, आकडे आणि अक्षरं. त्यानं, की तिनं, एवढंच विचारलंय: “दुसऱ्या व्यक्तीला हे पत्र हवं होतं का? हे पाठवणाऱ्याला माहीत आहे का?”

तारवाल्यानं ते परत एकदा वाचलं. मग म्हणाला, नेहमीचा प्रश्न आहे हा, काकू, सोय करायच्या आधी खरंच अडलंय का ते बघतात. मी त्याच्याकडे बघितलं तर तारा गुंडाळायला लागला.

तू विचारलंस का हे?

तू असशील तर सरळ विचार की. आणि तू नसशील तर ज्या कुणी विचारलं त्यानं बरोब्बर वर्मावर बोट ठेवलं. कारण मी हे धरूनच चालले होते की डब्यानं अडवलं नसतं तर तू वाचलं असतंस, वाचलं असतंस तर आली असतीस. कशावरून? तुझाही नियम असेल. त्याच्यासारखाच, आईकडून आलेलं परस्पर कचऱ्यात. त्याचं नाव आधी होतं म्हणून तुझ्या नियमाची पाळीच आली नाही, एवढंच. मग मी या यंत्राला वर्षभराचं पाप लावतेय ते फुकट.

तारवाला म्हणाला, उत्तर द्यायला हवं, काय लिहू. मी म्हटलं लिही, माहीत नाही, तेच विचारायचंय. त्यानं लिहिलं.

त्या प्रश्नानं मग दिवसभर माझं लक्ष नव्हतं. सोळा नंबरच्या आजोबांचा लोकरीचा स्वेटर मी चादरींबरोबर उकळत्या पाण्यात टाकला. दोरा बघितलाच नाही. बाहेर निघाला तो बाहुलीचा. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. घेऊन गेले त्यांच्याकडे, म्हटलं बोला काय बोलायचं ते. त्यांनी तो छातीशी धरून बघितला आणि म्हणाले, “चला, आता कुणी नातू आणून दिला तर त्याला होईल.” त्यांच्याकडे कुणी येत नाही. मी इथे लागल्यापासून बघितलं नाही. मी बाहेर येऊन इस्त्रीवालीवर विनाकारण ओरडले, तीही ओरडली, मग दोघींनी चहा घेतला.

१९ मार्च, बुधवार

आता लपवत नाही. दिवटा त्या दिवशी उगाच आला नव्हता. मी पहिल्या पत्रात मुद्दाम खाल्लं ते.

त्याच्या नव्या घरी बाळ यायचंय. आता महिनाभरात. त्याची ही बायको कामाला जाणारी, तिची आई नाही. मागची खोली मला काढून ठेवलीय, ऊन येतं म्हणतो, पलंग आणलाय, न्हाणीघरात धरायला दांडा बसवलाय माझ्या मांडीसाठी. म्हणजे पडल्याचं त्याला आता कळलंय, तारवाल्यानं सांगितलं बहुतेक. दांड्याचं ऐकून मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. म्हणाला, आई, आयुष्यभर लोकांच्या चादरी धुतल्यास, आता पुरे.

आणि जाता जाता दारात उभं राहून म्हणाला, पण एक आहे. त्या घरात तिचं नाव नको. पत्र नको, फोन नको, हिला त्रास होतो. तुझं तू ठरव. एक तर इकडे, एक तर तिकडे.

मी विचारलं, “तिकडे म्हणजे कुठे? तिकडे कुणी आहे का?”

तो म्हणाला, “मग सोपंच आहे की.”

काल पुन्हा फोन केला त्यानं. रविवारी, तीस तारखेला, सकाळी गाडी घेऊन येतो, सामान बांधून ठेव. मी बघते म्हटलं. व्यवस्थापकांना अजून सांगितलं नाही. इस्त्रीवालीला सांगितलं तर ती म्हणाली, “नातवंडाचं सुख कुणी सोडतं का, खुळ्या आहात काय?” आणि मग, “गेलात तर मला करमायचं नाही.” दोन्ही एका दमात. तिचं बरंय, तिला दोन्ही म्हणता येतं.

नातवंड मला हवंय. तुला हे वाचताना टोचेल, पण मी गोड बोलायला कधी शिकले नाही आणि आता शिकायचं वय नाही. हातात तान्हं घ्यायचंय मला, कोमट पाण्यात धुवायचंय काहीतरी जे हसतं. पण त्यासाठी तू कधी नव्हतीसच असं धरायचं, हे माझ्या घशाखाली उतरत नाही. आठ वर्षं तू आईऽ म्हणून दारातून हाक मारत आलीस. मला मुलगी नाही. तुझं त्याच्याशी मोडलं. माझ्याशी कधी मोडलंस ते मला कुणी सांगितलं नाही.

हेच सांगायचं होतं त्या सॉफ्टवेअरच्या जागेवर, पण ते तिथे लिहीत नाहीत. काल म्हणे पहिल्या माणसानं परत लिहिलंय, की सूचना चांगली आहे, नोंदवून ठेवतो, पुढच्या कधीतरीच्या आवृत्तीत बघू. तारवाला खूश होता. म्हणाला, काकू, झालं तर तुमच्यामुळे झालं म्हणायचं. मला त्या आवृत्तीचं काय करायचंय? दुसऱ्या कुणा बाईला उपयोगी पडेल, पडू दे.

मला तुझ्याकडे राहायला यायचं नाही, घाबरू नकोस. पैसा नको, सेवा नको. तू पुन्हा लग्न केलं असशील तरी मला सांगायची गरज नाही, आणि सांगितलंस तर बरं वाटेल. एवढंच कळायला हवं की मी तुझी कुणी आहे की नाही. आहे म्हणालीस, तर मी दिवट्याला दारातच सांगीन की खोली दुसऱ्या कुणाला दे, तुझ्या अटीवर मी येणार नाही. बाळाला बघायला येईन, त्यानं हाकललं तरी जिन्यात बसेन, माझी लाज मी केव्हाच गुंडाळून ठेवलीय. आणि नाही म्हणालीस, तर सामान बांधीन, त्या उन्हाच्या खोलीत जाईन, आणि तुझं नाव काढणार नाही. रडणार नाही असं म्हणत नाही. नाव काढणार नाही.

लिहायचं नसेल तर धुलाईघराच्या फोनवर कर, नंबर खाली घातलाय. यंत्रं चालू असली की पटकन ऐकू येत नाही, दोन-चार वेळा वाजू दे. दुसऱ्या कुणी उचलला तर ठेवू नकोस, मला हाक मारायला सांग.

कारणं नकोत, माफी नको, मी पुष्कळ कारणं मनात तुझ्या वतीनं बनवून बसलेय. एका शब्दाचं काम आहे. त्यानं नाकारलं ते मी तुझ्या नावावर धरणार नाही. पण तू गप्प राहिलीस तर मला ते तुझंच उत्तर धरावं लागेल, आणि मग ते चूक होतं की बरोबर, हे या जन्मात कळायचं नाही. तेव्हा हो असेल तर हो, नको असेल तर नको, तुझं तू सांग, शनिवारी एकोणतीस तारखेला संध्याकाळपर्यंत.